सहा आठवडे आणि अडुसष्ट वर्षे



‘पुण्याच्या उद्योजकांनी करोनाकाळात सरकारविना करून दाखवले’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. कौतुक मलाही आहे, पण ‘सरकारविना’ हा शब्द साफ चुकीचा आहे. पुण्याच्या मायलॅब कंपनीचा करोना चाचणी संच सुमारे सहा आठवड्यांत तयार झाला. कंपनीच्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी मार्च २०२० मध्ये, दिवस भरलेले असताना, तो तपासणीला दिला. पण दिला कुठे? राष्ट्रीय विषाणू संस्थेत. १९५२ पासून पुण्यात उभी असलेली ही सरकारी संस्था नसती, तर संच बिनचूक आहे हे सांगणार कोण होते? ते सहा आठवडे या अडुसष्ट वर्षांवर उभे होते.

पण केवळ चांगला संच असून भागत नाही. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढले आहे. स्वॅबची नळी बर्फात, वेळेत आली नाही तर उत्तम संचही कुचकामी ठरतो. गावी माझ्या भावाच्या करोना चाचणीचा अहवाल यायला पाच दिवस लागले. पुण्यात संच तयार होत होते, पण गावाजवळ प्रयोगशाळा नव्हती. पुढची साथ येण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात सरकारी प्रयोगशाळा आणि पुरेसे तंत्रज्ञ हवेत. आपल्या नियतकालिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे