बिल बघून ओरडतो, नकाशा मात्र बघत नाही



दरवर्षी मार्च संपत आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय असतो, संपत्तिकर. कुणी बिलाचा फोटो टाकतं, कुणी रागाचं तोंड टाकतं, कुणी लिहितं, "अहो, गेल्या वर्षी इतकं कुठं होतं?" मग जलकर निघतो, कचऱ्याचे पैसे निघतात. दोन दिवस नुसती धमाल. तिसऱ्या दिवशी सगळे निमूट पैसे भरतात आणि सूट मिळाली का, ते एकमेकांना विचारतात. मीही त्यातलाच. चाळीस वर्षांत एकदाही कर थकवला नाही, आणि याचा मला फार अभिमान होता.

आज जरा कडू लिहिणार आहे. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आपण बिलावर ओरडतो, पण बिल ही शेवटची गोष्ट आहे. कर कसा ठरतो? घर कोणत्या परिक्षेत्रात आहे, बांधकाम किती आणि कसं, राहायला आहे की धंद्याला. आता तर तो कलेक्टर गाइडलाइनशीही जोडलाय. म्हणजे समोरचा रस्ता रुंद झाला, कोपऱ्यावर कॉम्प्लेक्स उभं राहिलं, शेजारच्या बंगल्यात शोरूम आली, की जमिनीचा भाव चढतो, आणि आज ना उद्या त्याच्यामागून करही चढतो. तुम्ही तुमच्या घराची एक वीटही हलवलेली नसते. जमिनीचं आधी ठरतं, कर मागून येतो. आणि जमिनीचं ठरतं तेव्हा आपण कुठे असतो? नाटकाला, नाहीतर लग्नाला. परवा मी होतो तसा पोहे खात ओटल्यावर.

आपण असे नव्हतो हो. 1970 मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून आंदोलन झालं, तेव्हा मी शाळेत होतो. वडील साधे नोकरदार, सरकारला घाबरणारे. पण तेसुद्धा संध्याकाळी टोपी घालून सभेला जायचे. आई म्हणायची, "अहो, नोकरीचं बघा." ते म्हणायचे, "घागर तू उचलतेस, मग बोलायचं कुणी?" 1978 मध्ये नर्मदा आली. पाऊणशे किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी चढवून आणायचं, हे खर्चाचं काम आहे हे तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. तरी ते लोकांनी मागून घेतलं. म्हणून पाण्याचा पैसा देताना मला आजही वाईट वाटत नाही. जे आपण विचारून, भांडून घेतलं, त्याचा कर जड होत नाही. न विचारता माथी मारलेल्याचा होतो.

आणि ओरडून काही होत नाही असंही नाही. एप्रिल 2021 मध्ये पाणी-कचऱ्याचे दर वाढवले, तेव्हा शहरात निवडून आलेली परिषदच नव्हती, प्रशासकाचा कारभार होता. गावभर बोंब झाली आणि वाढ थांबवावी लागली. म्हणजे ऐकतात. पण आपण फक्त खिशाला हात लागला की बोलतो.

आता माझी गोष्ट. कॉलनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कॉलनीचा नाही, माझा आहे.

आमच्याकडे एक मोकळी जागा होती. ले-आउटमध्ये ती बगीचा म्हणून दाखवलेली. मुलं तिथं क्रिकेट खेळली, आम्ही तिथं कोजागिरी केली, मुलीच्या लग्नाचा मांडवही तिथंच पडला. मग एका कोपऱ्यात टिनाची शेड आली. मग कुंपण. मग पक्की भिंत. शेजारचे अण्णा ले-आउटची जुनी, घड्या पडलेली कॉपी घेऊन दारोदार फिरले. माझ्याकडेही आले. म्हणाले, "भाऊ, फक्त सही कर. बाकीचं मी बघतो."

मी काय म्हणालो? "अण्णा, जाऊ द्या ना. सगळे ओळखीचे आहेत, कशाला वाईटपणा?" आणि चहा पाजून परत पाठवलं. एकूण सात सह्या जमल्या. सव्वाशे घरांतून सात. अण्णा आता नाहीत. बगीचाही नाही. तिथं गाड्या उभ्या असतात आणि माझा नातू मोबाइलवर क्रिकेट खेळतो.

तुम्ही म्हणाल, एका बगीच्याचं एवढं काय? तर 30 मार्च 2023 आठवा. रामनवमी. पटेल नगरमधल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चाललं होतं. लोक ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. बावडीवर स्लॅब टाकून जागा केलेली. ती खचली आणि 36 माणसं गेली. बांधकामाबद्दल तक्रारी झाल्या होत्या, निगमची नोटीसही निघाली होती. सगळं कागदावर होतं. मग भावना दुखावतील, वाद होईल, म्हणून ते कागद तसेच राहिले.

ती बातमी बघताना मला अण्णांची घडी पडलेली कॉपी दिसत होती. माझ्या "जाऊ द्या ना"चा आणि त्या स्लॅबचा माल एकच आहे, मंडळी. आमच्याकडे खाली बावडी नव्हती, हे आमचं नशीब.

आणि आपण कोण? होळकरांबरोबर इथं आलेली माणसं, असं अभिमानानं सांगणारे. ज्या अहिल्याबाईंनी गावोगावी घाट, विहिरी, बारव बांधले, त्यांच्या पुतळ्याला आपण दरवर्षी राजवाड्यासमोर हार घालतो. त्यांच्याच गावात बावडीवर स्लॅब पडतो तेव्हा सही करायला आपल्याला वेळ नसतो. 1918 मध्ये पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसानं होळकर दरबारासाठी या शहराचा अहवाल लिहिला. तो गल्लीगल्लीतून पायी फिरला होता, जुनी वस्ती सरसकट पाडायच्या विरुद्ध होता. परक्या माणसानं आपल्या गल्ल्या इतक्या बघितल्या. आपण किती बघतो?

काही जण म्हणतील, "काका, 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, अजून काय पाहिजे?" मलाही कौतुक आहे. सकाळची कचरागाडी चुकली तर मीच अस्वस्थ होतो. पण ते यश निव्वळ निगमचं नाही. घराघरानं ओला-सुका वेगळा केला म्हणून ते आलं. म्हणजे मनावर घेतलं तर आपण करतो. मग नकाशा एवढा परका का?

दुसरे म्हणतील, "आम्ही कर भरतो, बाकी त्यांनी बघावं." 2023 मध्ये निगमनं जलूदच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले, तर मागणी सुमारे 720 कोटींची आली. बाँड घ्यायचा तर आपण व्याज किती, मुदत किती, हमी कुणाची, सगळं विचारतो. कर मात्र देवळातल्या पेटीत टाकल्यासारखा टाकतो. तोही आपलाच पैसा ना?

आणि जमिनीची किंमत काय असते, ते हुकुमचंद मिलच्या कामगारांना विचारा. मिल बंद पडली, तीसेक वर्षं देणी अडकली, कितीतरी जण वाट बघत गेले. डिसेंबर 2023 मध्ये सुमारे 224 कोटी सुटले, ते त्या जमिनीच्या जोरावर. आता तिथं काय उभं राहणार, तिथली झाडं राहणार की जाणार, यावर तरुण मुलं भांडतायत. त्यांच्यात आपले पिकल्या केसांचे किती?

"राजकारण नको" हे वाक्य आपल्या घरांत फार सभ्य समजलं जातं. अहो, आपल्या बगीच्याचं काय झालं हे विचारणं राजकारण नाही. ते घरचं काम आहे.

म्हणून तीन कामं सांगतो. तिन्ही म्हाताऱ्यांना झेपणारी आहेत. एक, आपल्या कॉलनीचा मंजूर ले-आउट शोधा आणि त्याची कॉपी करून ठेवा. दोन, बजेटच्या आधी आपल्या पार्षदाला घरी चहाला बोलवा आणि विचारा, आमचं परिक्षेत्र बदलतंय का, बदलत असेल तर का? तीन, शहराच्या नव्या विकास योजनेचा मसुदा निघेल तेव्हा जागे राहा. जुनी योजना 2021 पर्यंतची होती. 1973 च्या कायद्यानं हरकती घ्यायला तीस दिवस मिळतात. तेवढ्यात आपला नकाशा बघा आणि जे चुकलंय ते लेखी द्या.

मी सुरुवात केलीय. अण्णांच्या सुनेकडे गेलो होतो. ती कॉपी तिनं जपून ठेवलीय, देवघराच्या कपाटात. मी मागितली तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा तुमच्याकडेच घेऊन आले होते ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे कुणी सही मागायला आलं तर निदान तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका.

तुमच्या कॉलनीचा ले-आउट कुणाकडे आहे? खाली लिहा. आणि नसेल माहीत, तर तेही लिहा.