नदी पूर्वेला, पाणी पश्चिमेला

दिवाळीच्या फराळाबरोबर एखादे कोडे वाचकांपुढे ठेवावे, ही माझी जुनी हौस. यंदाचे कोडे चकलीसारखे आहे. वेटोळी पुष्कळ, पण टोक सापडले की उलगडलेच! अट एकच : शब्द न् शब्द तोलून वाचायचा.

‘एक नदी महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेला धावते, मग पूर्वेला वळते आणि थोरल्या बहिणीला मिळते. थोरली जाते बंगालच्या उपसागराला. नदीचे पात्र जिथल्या तिथे आहे. तरीही तिच्या पाण्याचा मोठा वाटा दरसाल अरबी समुद्राला पोचतो. ते पाणी तिकडे नेतात ते पिण्यासाठी नव्हे, शेतीसाठीही नव्हे. मग कशासाठी, आणि कोणत्या वाटेने?’

पुष्कळांची गाडी ‘नदी’ या शब्दापाशी अडते. नदी आणि पाणी ही आपल्याला एकच वाटतात. पण नदी पूर्वेला जाते एवढेच कोड्यात म्हटले आहे; सगळे पाणी तिच्याबरोबर जाते, असे कुठे म्हटले आहे? ही खोच सापडली की उत्तर हाताशी येते. नदी कोयना, थोरली बहीण कृष्णा आणि वाट पोफळीची!

पोफळी म्हणजे सुपारीचे झाड नव्हे हं! हे गाव चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. घाटमाथ्यावर कोयनेला बांध घालून शिवाजीसागर जलाशय केला आहे. त्यातले पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या पोटातून आणून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडतात. डोंगरात कोरलेल्या पोफळीच्या वीजघरात १९६२ सालापासून त्या धारेने चक्रे फिरू लागली. पुढे हे पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा वीज काढतात, आणि मग ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता आज १९६० मेगावॅट आहे.

इथे कोडे संपले, असे वाटेल. पण खरी गंमत पुढेच आहे. आमच्या घरी चार नातलग जमले असताना मी सहज विचारले, ‘‘पोफळीला जे पाणी येते, ते खर्च होते की नाही?’’

भाचा इंजिनीअर. तो म्हणाला, ‘‘मामा, थेंबसुद्धा नाही. जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले.’’

कराडचे व्याही ताठ बसले. ‘‘वा! आमच्या नदीतून गेलेले पाणी परत येत नाही, आणि म्हणे खर्च नाही! सगळेच्या सगळे खर्च झाले.’’

चिपळूणची मावशी करंजी मोडीत म्हणाली, ‘‘अहो, खर्च कसले? आम्हांला तर ते मिळाले!’’

प्रश्न एक, उत्तरे तीन, आणि तिन्ही खरी. दोष प्रश्नाच्या शब्दांचा. ‘खर्च’ म्हणजे काय, ते मी सांगितलेच नव्हते.

हेच कोडे एकदा न्यायासनापुढे आले होते. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाद झाला, तेव्हा १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा १९७६ साली प्रसिद्ध झाला. पाणी वाटायचे, तर आधी ‘वापर’ म्हणजे काय ते ठरवायला हवे. लवादाने सूत्र धरले : नदीत जी घट येते, तो वापर. मग हिशेब कसा झाला पाहा. खोऱ्यातल्या गावाने पिण्यासाठी शंभर घागरी उचलल्या, तर वापर वीसच घागरींचा. खोऱ्यातल्या कारखान्याने शंभर घेतल्या, तर अडीचचा. कारण बाकीचे पाणी फिरून नदीला मिळते. पण खोऱ्याबाहेर शंभर घागरी गेल्या, तर वापर पुऱ्या शंभरांचा! म्हणजे, पाणी पिणाऱ्याच्या नावावर वीस, आणि एक थेंबही न पिणाऱ्या पोफळीच्या नावावर शंभर. आमच्या व्याह्यांचा कौल लागला म्हणायचा. कोयनेतून पश्चिमेला वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांहून अधिक पाणी वळवू नये, अशी मर्यादाही त्या निवाड्याने घातली.

ही नुसती शब्दांची कसरत नव्हे. घाटाखाली सोडलेली प्रत्येक घागर महाराष्ट्राच्या कृष्णेतल्या वाट्यातून वजा होते. माण, खटाव, आटपाडी हे दुष्काळी तालुके त्याच खोऱ्यातले. तिकडच्या शेतकऱ्याने आपल्या कोरड्या विहिरीत डोकावून पोफळीकडे बोट दाखवले, तर त्याला काय म्हणावे? आणि त्याच विजेवर आपल्या घरातले दिवे लागतात, हेही विसरून कसे चालेल?

मावशीचे म्हणणेही नीट ऐकायला हवे. वीजघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला सरकारदरबारी नाव आहे ‘अवजल’. हिशेबाच्या वहीत ते वापरून झालेले असते. पुढे समुद्राला मिळाले तरी घट तेवढीच. पण कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर वैशाखात बायामाणसे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्यांच्या घरी त्याला ‘अवजल’ म्हणणार नाहीत, नुसते ‘पाणी’ म्हणतील. हे पाणी कोकणाला द्यावे, मुंबईला न्यावे, अशा योजनांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ‘अव’ हे एवढेसे अक्षरांचे जोडपे. पण ज्या गोष्टीला आपण टाकाऊ नाव देतो, ती वाहून गेली तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

म्हणून वाचकहो, यंदा मुलांना कोडी जरूर घाला. उत्तर चुकले, तर लगेच कान पिळू नका. ‘कोणत्या शब्दावर अडलास?’ एवढे विचारा. उद्या हीच मुले करारावर सह्या करतील, कायदे वाचतील, कदाचित पाणीही वाटतील. ‘वापर’ या शब्दापाशी क्षणभर थांबायची सवय त्यांना आताच लागलेली बरी.