तिसरी पिन

वळवाचे दिवस आले की इलेक्ट्रिकच्या दुकानांत गर्दी वाढते. कुणाचा राऊटर गेलेला असतो, कुणाच्या फ्रिजचं कार्ड, कुणाचा इन्व्हर्टर. दुकानदार सर्ज प्रोटेक्टर पुढे करतो, गिऱ्हाईक तो टीव्हीमागे लावतं आणि निर्धास्त होतं. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

उपकरणं जाळणारी संकटं दोन, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. पहिलं आभाळातलं. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. लांबच्या तारेवर किंवा आसपासच्या जमिनीवर पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्टचा झटका उठतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी घरातून जाऊन येतो. तो मीटरवाटे येतो, तसाच डिशच्या आणि इंटरनेटच्या तारेनेही येतो. म्हणून टीव्हीचा प्लग काढूनही टीव्ही जळाल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

दुसरं संकट डीपीवरचं. तिथून निघतात तीन फेज आणि एक न्यूट्रल. आपल्या घरी त्यातली एक फेज आणि न्यूट्रल येते, म्हणून आपल्याला 230 व्होल्ट मिळतात. दोन फेजमध्ये मात्र 400 व्होल्ट असतात. न्यूट्रलचा जोड गंजून सुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकमेकांना जोडली जातात आणि हे 400 व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी विषम होते. ज्या घरात गिझर किंवा इस्त्री चालू असते तिथे दिवे मंदावतात. जिथे फक्त एक दिवा आणि टीव्ही चालू असतो, तिथे 300 च्या वर व्होल्ट जातात. दिवे एकदम लख्ख झाले, पंखा घोंघावू लागला, तर ‘आज लाईट फुल आहे’ म्हणत बसू नका. तत्काळ मेन स्विच बंद करा आणि 1912 वर कळवा.

आता बाजारातला माल पाहू. एमसीबी जास्तीच्या करंटवर पडते, जास्तीच्या व्होल्टेजवर नाही. स्टॅबिलायझर हळूहळू चढणारं-उतरणारं व्होल्टेज सांभाळतो. विजेच्या झटक्यापुढे तो फार संथ आहे. सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती बंद दारासारखी असते, झटका आला की क्षणार्धात उघडते आणि तो अर्थिंगकडे वळवते. प्रत्येक झटक्यागणिक ती थोडी झिजते, म्हणून मेन बोर्डात बसवायच्या प्रोटेक्टरला छोटी खिडकी असते. हिरव्याची लाल झाली की तो बदलायचा. पण न्यूट्रल तुटून मिनिटभर 350 व्होल्ट आले, तर ही चकती स्वतःच तापून जळते. त्यासाठी वेगळा रिले लागतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो अख्ख्या घराचा पुरवठा तोडतो आणि ते ठिकाणावर आल्यावर थोड्या वेळाने परत जोडतो. त्या थांबण्याने फ्रिजचा कॉम्प्रेसरही वाचतो. आपल्याकडे तो फार कमी घरांत दिसतो, याचं मला वाईट वाटतं.

आणि आता मूळ मुद्दा. झटका अर्थिंगकडे वळवायचा, पण अर्थिंगच नसेल तर? जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या अनेक घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्यामागे काहीच जोडलेलं नसतं. कुठे तिथे हिरवी तार येते, पण जमिनीतली पट्टी कधीच गंजून गेलेली असते. अशा घरात महागातला प्रोटेक्टरही आपलं मुख्य काम करू शकत नाही. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या भोकाला जोडून देणं. टेस्ट लॅम्प पेटतो, घरमालक खूश होतो. मात्र पुढे कुठे न्यूट्रल सुटली, तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यात थेट करंट उतरतो. हे करणारा वायरमन घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळतो, आणि ते त्याला तोंडावर सांगायला हवं.

म्हणून खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी अर्थिंग, मग माणसांसाठी, शॉक बसताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, मग व्होल्टेजचा रिले, आणि त्यानंतर मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब वळसे घेतलेली तार झटका उपकरणांकडेच ढकलते. 2024 मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून छतावर पॅनल बसवणारी घरं वाढली आहेत. त्यांनी पॅनलकडून येणाऱ्या डीसी तारांनाही वेगळा प्रोटेक्टर आहे का, हे बसवणाऱ्याला विचारावं.

एवढं करूनही वीज थेट घरावर पडली, तर उपकरणं वाचतीलच अशी हमी कुणी देऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. इशारा आला की टीव्ही, राऊटर, कॉम्प्युटर यांचे प्लग आणि केबलही काढून ठेवा, पण गडगडाट डोक्यावर यायच्या आत. नंतर तारांना हात लावू नका.

सोसायटीत राहत असाल तर अर्थिंगच्या खड्ड्यांची मोजणी सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. परवानाधारक इलेक्ट्रिशियन अर्थ टेस्टर आणून दर खड्ड्याच्या रोधाचा (रेझिस्टन्सचा) आकडा लेखी देतो. ही मोजणी मे महिन्यात, माती सगळ्यात कोरडी असताना करून घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीत घेतलेला आकडा चांगलाच येतो, आणि पुढच्या वळवाच्या पहिल्या विजेला तो उपयोगाचा नसतो.