सुप्याच्या माळावर एक रात्र

पुण्याला वाळवंट नाही. तारे पाहायला वाळवंटात जाणारी माणसे वर्तमानपत्रांतून दिसतात, आपल्या वाट्याला मात्र कोंढव्याची गच्ची आणि तिच्यावरचे नारिंगी आकाश. तिथून मोजून पंधरावीस तारे दिसतात. तरी पुणेकराला फार लांब जावे लागत नाही. सासवड, जेजुरी, मोरगाव मागे टाकून सुप्याकडे निघाले, की कमी पावसाचा उघडा माळ लागतो. हा लांडग्यांचा आणि मेंढपाळांचा मुलूख. आमच्या एका नातेवाइकाचे तिथे थोडे कोरडवाहू शेत आहे.

13 डिसेंबर 2023 च्या रात्री आम्ही सगळे तिथे गेलो. इस्लामी महिना सरत आला होता, म्हणजे चंद्राचा अडथळा नव्हता. मिथुन राशीतला उल्कावर्षाव दरवर्षी याच सुमारास, 13-14 डिसेंबरला, भरात असतो. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा होती, तिच्यावर पाणी सोडले.

खरा प्रश्न अम्मींचा होता. त्या यायला तयार नव्हत्या. थंडी, गुडघे, रात्रीचा प्रवास अशी कारणे देत होत्या, पण खरे कारण आम्हाला ठाऊक होते. 2001 साली रमजान नुकताच लागला असताना, 19 नोव्हेंबरच्या पहाटे, सहरीसाठी उठलेल्या अम्मी गच्चीत गेल्या आणि त्यांनी तारे तुटताना पाहिले. एक नाही, एकामागून एक. दोन दिवसांनी त्यांच्या थोरल्या भावाचा, आमच्या मामूंचा, इंतकाल झाला. तेव्हापासून त्या रात्री आकाशाकडे बघत नाहीत. तारा तुटला की कोणीतरी जाते, हे त्यांनी लहानपणी ऐकले होते. त्या दिवशी ते खरे ठरले असे त्यांना वाटले.

ती पहाट त्यांच्या एकटीची नव्हती. टेंपल-टटल नावाचा धूमकेतू सुमारे 33 वर्षांनी सूर्याजवळ येतो आणि वाटेवर धूळ सोडून जातो. त्या रात्री पृथ्वी त्याच धुळीतून चालली होती. पूर्व आशियात तासाला हजारांच्या घरात उल्का पडल्या. आपल्याकडे पहाटेपर्यंत जोर ओसरला होता, तरी सहरीला उठलेल्या कितीतरी घरांनी ते दृश्य पाहिले असेल, आणि त्यातल्या बहुतेक घरांत काहीही वाईट घडले नसेल. पण हे अम्मींना सांगायची आमची हिंमत झाली नव्हती. दुःखात असलेल्या माणसाला हिशेब सांगू नये.

ते काम नववीतल्या नातीने केले. तिने हिशेब सांगितला नाही, हदीस वाचून दाखवली. सहीह मुस्लिममध्ये आहे, की एका रात्री सहाबा प्रेषितांजवळ (स.) बसले असताना तारा तुटला. जाहिलियतच्या काळात तुम्ही याला काय म्हणत होता, असे त्यांनी विचारले. आज कोणी थोर माणूस जन्मला किंवा वारला असे म्हणत असू, असे उत्तर आले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले, की तारा कोणाच्या मरणासाठी किंवा जगण्यासाठी तुटत नाही. अम्मींनी तो भाग दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "माझी जाड शाल घ्या."

माळावर इशाची नमाज झाली. सतरंज्या, त्यावर रजया, थर्मासमध्ये चहा. मोबाइल बंद ठेवायचे ठरले होते, कारण डोळ्यांना अंधार पचवायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एकदा पडदा उजळला की ती मेहनत वाया जाते. दुर्बीण लागत नाही. आडवे पडायचे आणि आकाश जितके मोठे दिसेल तितके बघायचे, एवढेच. मुलाला पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळा आला. त्यात नवल नाही, आम्हालाही आला होता.

मग डोळे सरावले. कृत्तिकांचा पुंजका दिसला तेव्हा मुलांना सांगितले, की अरबीत याचे नाव सुरय्या, तुमच्या सुरय्याखालाचे नाव इथलेच. त्याच्या मागून चालणारा तांबूस तारा अल्दबरान, म्हणजेच पाठोपाठ येणारा. मृगातला रायजेल म्हणजे पाय. इंग्रजी पुस्तकांतही ही नावे थोडी मोडून तशीच राहिली आहेत. मुलीला सुरय्याखाला आभाळात आहे याचे फार हसू आले.

दहानंतर उल्का येऊ लागल्या. या उल्का सावकाश जातात, सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर. सिंह राशीतल्या याच्या दुप्पट वेगाने येतात. म्हणून "ती बघ" म्हणेपर्यंत शेजारच्यालाही दिसते. वाळूच्या कणाएवढी धूळ हवेत जळते ती शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर. ही धूळ फाएथॉन नावाच्या लघुग्रहाची आहे, त्याचा शोध 1983 मध्ये लागला. मुलाने विचारले, "मग शैतानांना मारलेले शिहाब ते कोणते?" आम्ही म्हटले, धूळ कशी जळते ते आम्ही सांगू शकतो, त्या आयतीचा अर्थ मात्र मौलानासाहेबांना विचारू या. त्याने मान हलवली. त्याचे समाधान झाले असे वाटले नाही.

अम्मी तासभर गप्प होत्या. शालीतून फक्त चेहरा बाहेर. दोनच्या सुमारास पुनर्वसू डोक्यावर आले आणि एक मोठी, पिवळसर उल्का पश्चिमेला जेजुरीच्या बाजूला गेली, मागे क्षणभर रेघ राहिली. मुले ओरडली. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "सत्तावीस झाल्या." आम्हाला वाटले होते त्या डोळे मिटून आहेत.

फजर तिथेच पढून निघालो. मुले मागच्या सीटवर झोपली. जेजुरीला चहासाठी थांबलो तेव्हा अम्मींनी मामूंची गोष्ट काढली. लहानपणी मामू त्यांना सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडत, आणि उताराला ब्रेक सोडून तिला ओरडायला लावत. बावीस वर्षांत त्यांनी मामूंचे नाव फक्त फातिह्याच्या वेळी घेतले होते. चहा गार झाला. दुसरा मागवला, तोही गार झाला, आणि सासवडपर्यंत त्या सायकलीबद्दलच बोलत होत्या.