उंट कोपऱ्याशी बसतो तेव्हा

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरोघरी बुद्धिबळाचा पट निघतो आणि आपण मात्र चहा ठेवायला उठतो. आज जरा बसा.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. दोघीही भारतीय. नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची, तर समोर कोनेरू हंपी ३८ वर्षांची, एका लेकीची आई. २०१७ साली मुलगी झाली, तेव्हा हंपी काही काळ खेळापासून दूर होती. परतली ती अशी, की २०१९ आणि २०२४ साली जलद बुद्धिबळाची जगज्जेती! दिव्या आपल्याकडची खरी, पण खरं सांगू? माझा जीव हंपीत अडकला होता.

पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलैला जलद डाव. प्रत्येकीला १५ मिनिटे, शिवाय दर खेळीमागे १० सेकंदांची भर. त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात पांढरी मोहरी हंपीकडे होती. तिने 'कॅटलान' मांडणी निवडली. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत टार्टाकॉवरने ती खेळली, तिथल्या कॅटलोनिया प्रांतावरून हे नाव.

मांडणी सोपी आहे. वजिरापुढचे प्यादे दोन घरे, त्याच्या बाजूच्या उंटापुढचेही दोन. राजाच्या बाजूला घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवायचे आणि रिकाम्या घरात उंट बसवायचा. तिथून तो तिरका पटभर नजर ठेवतो. काळ्याने आपले प्यादे खाल्ले तरी परत घ्यायची घाई नाही. विरजण लावून वाट पाहावी तसा हा खेळ. म्हणूनच हंपीसारखीला तो शोभतो.

पण घड्याळाला विरजण कुठलं कळायला! वेळ सरत आला तशा हंपीच्या चुका झाल्या. दिव्याही चुकली, पण सावरली. ७५ खेळ्यांनी डाव तिचा झाला, आणि पोर आईच्या गळ्यात पडून रडली. ग्रँडमास्टरपदाच्या निकषांपैकी एकही आधी पुरा नसताना तो किताब तिला थेट मिळाला. आणि जिंकल्यावर म्हणाली काय, तर डावाचा शेवट अजून शिकायला हवा!

लेकीला ही मांडणी दाखवाल तेव्हा एक सांगा. उंटाच्या वाटेत आपलाच घोडा उभा असतो. तो हलला की उंटाची वाट मोकळी. पट नसेल तर पुठ्ठ्यावर ६४ घरे आखा, फक्त आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं येऊ द्या.