बँकॉकला जायचंय? मग काकूंनाही घेऊन चला



गेल्या आठवड्यात स्थानकात सामायिक झाल्यावर आम्ही सात-आठ जणी पायरीवर बसून बोलत होतो. विषय होता बँकॉक. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की पाच दिवसांची सहल काढायची, फक्त बायकांची. मुलं मोठी झाली, सुना घर सांभाळतात, पासपोर्ट कपाटात पडून आहेत. एकीने नावं लिहायला वही काढली आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "काकूंना नको बाई. त्यांचं चौविहार, त्यांचं पक्कं पाणी. आपली सगळी सहल त्यांच्या घड्याळावर चालेल."

काकू मागेच आसन घडी करत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं. मला घरी जपाला वेळ मिळेल." आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं घरी आल्यावरही टोचत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

माझं म्हणणं सरळ आहे. जिचं व्रत आहे तिला घरी ठेवून केलेली सहल आपल्या मंडळाची सहल नाही. आणि दुसरं, काकूंच्या घड्याळावर बँकॉक पाहिलं तर आपण सगळ्याच ते जास्त चांगलं पाहू.

काकूंमुळे त्रास होतो हा समज आला कुठून, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या काही जणी एका सहल कंपनीबरोबर तिथेच गेलो होतो. काकूही होत्या. कागदावर "शंभर टक्के जैन जेवण" असं ठळक लिहिलेलं. ते खोटं नव्हतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पण ते जेवण रोज रात्री साडेआठला मांडलं जायचं! ज्यांचं चौविहार होतं त्या तिघींनी चार संध्याकाळी बसमध्ये खाकरा आणि मेथीचा मसाला खाऊन पच्चक्खाण घेतलं. बाकीच्यांना वाईट वाटायचं, मग चिडचिड व्हायची. शेवटी सगळ्यांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की काकूंमुळे गैरसोय होते. चूक वेळापत्रकाची होती, ती आपण व्रताच्या नावावर लिहून टाकली.

आता जरा हिशेब करू या. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. पण डिसेंबरच्या सुरुवातीला तिथला सूर्य संध्याकाळी पावणेसहा-पाच-पन्नासच्या सुमारास मावळतो आणि लासूरचाही जवळपास त्याच वेळेला. म्हणजे घड्याळ तिथल्या वेळेवर लावलं की काकूंची जेवणाची वेळ घरी असते तीच राहते. पाच वाजता पान मांडलं की झालं.

अडचण फक्त जायच्या दिवशी आहे, आणि ती फार कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईहून विमानाला साडेचार तास लागतात. पूर्वेला जाताना दिवस लहान होतो. दुपारी एकचं विमान घेतलं तर मनगटावरचं घड्याळ पाच वाजलेत म्हणत असतं आणि खिडकीबाहेर दिवस मावळलेला असतो. "अजून वेळ आहे" म्हणून डबा मांडीवर ठेवून बसलेली बाई फसते. म्हणून सकाळचं विमान घ्या आणि विमानातच जेवून घ्या. तिकीट काढताना जैन जेवण आधीच नोंदवावं लागतं, त्याचा संकेत व्हीजेएमएल असा आहे. नुसतं शाकाहारी लिहिलं तर कांदा-बटाटा येणारच. आणि ते जेवण देण्याची वेळ विमानातल्या मुलीच्या हातात असते, तेव्हा बसल्या बसल्याच तिला सांगून ठेवायचं.

आता शहराकडे या. बँकॉकमध्ये बघण्यासारखं जे आहे ते बहुतेक दिवसा उजेडीच बघायचं आहे. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला आत सोडणं बंद होतं. शेजारीच वाट फो, तिथे पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. तिथून होडीने नदी ओलांडली की वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच शब्द, पहाटेचा. पाण्यावरचा बाजार सकाळी भरतो. चातुचाक बाजार शनिवार-रविवारी दिवसभर असतो. रात्री जे असतं ते म्हणजे दिवे, दुकानं आणि खाण्याच्या गाड्या, आणि त्या गाड्यांवर आपल्याला खाण्यासारखं फारसं काही नाहीच. मग चौविहार करणारीचं नेमकं नुकसान काय होतं? पाचला जेवायचं, नदीकाठी सूर्यास्त बघायचा, खोलीवर येऊन प्रतिक्रमण करायचं. ज्यांना फिरायचंय त्यांनी नंतर खुशाल फिरावं. काकू कुणाला अडवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला तिथे गेल्यावर कळली. थायलंडचे बौद्ध भिक्षू सकाळी पात्र घेऊन भिक्षेला निघतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. बाईचा स्पर्श त्यांना चालत नाही, आपल्याकडे साधूंचा संघट्टा टाळतो तसाच. त्यांच्या पात्रात काय पडतं ते आपल्याला चालणारं नसतं, हे खरं. पण ज्या शहरात रोज सकाळी असे साधू दारावरून जातात, तिथे "मी सूर्यास्तानंतर जेवत नाही" हे वाक्य कुणाला विचित्र वाटत नाही. हॉटेलातल्या मुलीला मी ते सांगितलं तेव्हा तिने हात जोडले. लाजायचं कारण आपल्याच माणसांत असतं, परक्या गावात नसतं.

आता खाण्याबद्दल, कारण "खाण्यासाठी जायचंय" असं वहीत पहिल्याच ओळीत लिहिलंय.

पहिली सावधगिरी. थाई स्वयंपाकात मिठासारखी वापरतात ती नाम प्ला, म्हणजे माशापासून केलेलं पाणी. करीच्या वाटणात बहुतेक वेळा वाळवलेल्या झिंग्यांचं मिश्रण आणि लसूण असतं. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला किती सात्त्विक, पण तिच्यातही हे सगळं असतं. ताटात मांस दिसत नाही म्हणून ते आपलं झालं असं समजू नका.

दुसरी गोष्ट आनंदाची. थाई भाषेत शाकाहाराला "मांगसविरत" म्हणतात. नीट ऐका, मांसविरती! आपला विरती शब्द तिथपर्यंत पोचलाय. पण त्यात अंडं चालतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. त्यापेक्षा कडक शब्द आहे "जे". हा चिनी परंपरेतून आलेला नियम आहे. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही! अशा दुकानावर पिवळी झेंडी आणि त्यावर लाल अक्षर असतं, दुरून इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथले असंख्य लोक असं जेवतात. बहुतेक वर्षी ते आपल्या आश्विनातल्या नवरात्राच्या आसपास येतात, म्हणजे आपली आयंबिलची ओळी असते त्याच दिवसांच्या मागेपुढे. आपण तेव्हा चातुर्मासात घरी असतो, पण अशी काही दुकानं वर्षभरही चालतात. फक्त लक्षात ठेवा, त्यांना बटाटा, गाजर, मुळा आणि अळंबी चालतात. ते मात्र आपण विचारूनच घ्यायचं.

आपण तर कांद्याच्या गावात राहणाऱ्या बायका. लासूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या लागतात, वास थेट घरापर्यंत येतो, कितीतरी घरांचा व्यवहार कांद्यावर चालतो आणि त्याच घरांच्या चुलीवर कांदा चढत नाही. हे आपण रोज निभावतो. मग परदेशात पाच दिवस निभावणं एवढं अवघड का वाटावं?

आणि एक विचारू का? बँकॉकला जाऊन जैन पावभाजी मिळाली नाही म्हणून रुसायचं, याला खाण्याची सहल म्हणायचं का? पावभाजी इथे मिळतेच की. तिथे फळं आहेत. मँगोस्टीन, रामबुतान, शहाळी, नारळाच्या दुधातला चिकट भात आणि वर आंबा. हे सगळं दिवसा, डोळ्यांसमोर कापून देतात. दोन-तीन द्रव्यांत पोट भरतं आणि तोंडाला नवी चवही लागते. भारतीय जेवण हवंच असेल तर पाहुरात भागात मिळतं, आणि रत्नांच्या धंद्यानिमित्त गेलेली जैन कुटुंबं त्या शहरात वर्षानुवर्षं राहताहेत. तिथे जैन मंदिरही आहे. आपण जाणाऱ्या पहिल्या नाही.

काही जणी म्हणतील, "प्रवासात थोडं चालतं गं." त्यांच्याशी मी भांडणार नाही. जिचा नियम नाही तिने तो माझ्यासाठी पाळू नये. पण जिने पच्चक्खाण घेतलंय तिला "एवढं काय, एक दिवस" म्हणून कुणी हलवू नये. आणि जिने दिशापरिमाण व्रतात आपली मर्यादा बांधून घेतली आहे, तिला तर या सहलीचा आग्रहच करायचा नाही. आमच्यात अशी एक ताई आहे. ती येणार नाही, आणि ते तिचं स्वतःचं ठरवणं आहे. काकूंना मात्र आम्ही परस्पर वगळत होतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

उलट मला वाटतं, चौदा नियम धारायला सहलीसारखी जागा नाही. घरी "वाहन" म्हणताना आपण काय मोजतो? स्कूटी आणि फार तर रिक्षा. तिथे रोज सकाळी मोजावं लागतं, आज बोट, आज वरून धावणारी रेल्वे, आज टुकटुक. द्रव्य किती, दिशा किती, हे खरंच विचार करून म्हणावं लागतं. एरवी तोंडपाठ झालेलं त्या दिवसांत मनात उतरतं.

बरोबर काय न्यायचं तेही सांगते. खाकरे, कोरडी चटणी, भाजलेलं मूग, थोडा शेवेचा डबा, पण संकटापुरतं. सगळी बॅग त्यानेच भरू नका. पक्क्या पाण्यासाठी स्वतःची छोटी विजेची किटली न्या, कारण हॉटेलच्या किटलीत आधी कुणी काय उकळलं ते आपल्याला माहीत नसतं. मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा आपले पंजाबी ड्रेस आणि साड्या उत्तम. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना साठ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय यायची मुभा दिली, आणि १ मे २०२५ पासून पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी सुनेला किंवा लेकीला एकदा बघायला सांगा.

आणि सहल कंपनीला पहिला प्रश्न "जैन जेवण मिळेल का?" असा विचारू नका. तो सगळ्याच विचारतात आणि उत्तर "हो" असंच येतं. विचारा, "किती वाजता?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

काल मी काकूंच्या घरी गेले. आधी त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल माफी मागितली. मग पाच दिवसांचं वेळापत्रक दाखवलं, प्रत्येक दिवसाच्या ओळीत "जेवण ५ वाजता" लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "बाकीच्यांना लवकर भूक लागेल का गं?" मी म्हटलं, दिवसभर उन्हात चालल्यावर लागेलच. त्यांनी कागद घडी करून जपमाळेच्या पिशवीत ठेवला.

येत्या बैठकीत हा कागद मी सगळ्यांसमोर ठेवणार आहे. तुमच्याही गावात अशी वही निघाली असेल. नावं लिहिताना कुणाचं नाव गळतंय ते एकदा बघा, आणि का गळतंय तेही बघा.

जिनाज्ञेविरुद्ध किंवा कुणाचं मन दुखेल असं काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.