झोपलेले मूल आणि बंद गाडी
मे महिन्याची सुट्टी लागली की महापे परिसरातील अनेक कुटुंबे शिळफाट्यावरून आमणे गाठतात आणि समृद्धी महामार्गाने विदर्भातल्या गावी निघतात. नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. वाटेत लांबच लांब उघडे माळरान, सावली विरळ. निघताना टायरमधली हवा आठवणीने तपासली जाते. मुलांचा विचार मात्र खाऊच्या पिशवीपाशी संपतो.

खरा धोका गाडी थांबल्यावर असतो. ‘झोपलंय, पाच मिनिटांत येऊ’ म्हणून मुलाला गाडीतच ठेवले जाते. एसी बंद झाला की उन्हातल्या गाडीचे तापमान अर्ध्या तासात पंधरा अंशांहून अधिक वाढू शकते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. अंग कढत असेल, मूल गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर तो उष्माघात समजावा. मुलाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ क्रमांकावर फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी देऊ नका.

थांब्यांवर वाहनांना सावली मिळायलाच हवी. तोवर घरच्यांनी एकच नियम पाळावा. इंजिन बंद झाले की मूलही बाहेर. झोपमोड झाली म्हणून ते रडेल, एवढेच.